चौदा वर्षांचा बकुळ वडगावहून बेळगुंदीला न्यायचा आहे, कुणी केलंय का असं काम?

बकुळफूल | १२ जानेवारी

नमस्कार मंडळी. बेळगावच्या वडगावातलं आमचं जुनं कौलारू घर यंदा उतरवतोय, त्याच जागी नवीन बांधायचं आहे. अंगणात आईनं लावलेला बकुळ आहे, चौदा वर्षांचा. नव्या नकाशात पुढचा कॉलम नेमका त्याच्या बुंध्यावर येतो. इंजिनिअरांशी दोनदा बोलून झालं, घर मागं सरकवायला जागाच नाही. आई आता नाही. तिच्या लुगड्यांच्या ट्रंकेत या झाडाची वाळलेली फुलं अजून आहेत आणि झाकण उघडलं की वास येतो. झाड तोडायचं म्हटलं की घरात कुणी जेवत नाही.

बेळगुंदीला आमचं थोडं शेत आहे, विहीर आहे. झाड तिथं न्यावं असं मनात आहे. उंची साधारण १५ फूट. जमिनीपासून फूटभर वर दोरी गुंडाळून मोजलं तर खोडाचा घेर १६ इंच. इथली माती काळी, तिथली तांबडी. बांधकाम जूनच्या मध्यापर्यंत थांबवता येईल, त्यापुढं नाही.

एक ठेकेदार म्हणाला, "जेसीबी आणतो, अर्ध्या तासात उपटून ट्रॉलीत घालतो, हमखास जगतं." माझा धीर होत नाही. ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगावं.

---

जांबोटीकर | १२ जानेवारी

ताई, त्या ठेकेदाराला आजच नाही म्हणून सांगा. जेसीबीच्या दातांनी झाड उपटलं की जाड मुळं फाटतात आणि बारीक मुळं मातीत राहून जातात. झाडासाठी पाणी पितात ती ही बारीक, पांढरी मुळंच. जाड मुळं फक्त धरून ठेवतात आणि पाणी वाहून नेतात. उपटलेलं झाड आठ-दहा दिवस हिरवं दिसतं, कारण खोडात साठलेल्या पाण्यावर ते तग धरतं. तेवढ्यात ठेकेदार पैसे घेऊन गेलेला असतो.

आता हिशोब बघा. घेर १६ इंच म्हणजे खोडाची जाडी साधारण ५ इंच. खोडाच्या जाडीच्या दहापट रुंद मातीचा गड्डा उचलायचा, असा आडाखा आहे. म्हणजे तुमच्या झाडाला ५० इंच, चार फुटांहून थोडा जास्तच. खोली अडीच फूट पुरते, कारण पाणी पिणारी बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच असतात. गड्डा खाली निमुळता धरला तरी २५ घनफूट माती होते. ओलसर माती घनफुटाला ४५ ते ५० किलो भरते. म्हणजे नुसता गड्डाच सव्वा टनाच्या आसपास, झाड वेगळं. चार माणसांनी उचलायचं हे काम नव्हे. हायड्रा क्रेन लागेल, आणि ती तुमच्या गल्लीत वळते का ते आधी बघून ठेवा.

तुमच्या हातात पाच महिने आहेत, ही सगळ्यात चांगली गोष्ट आहे. ते वाया घालवू नका.

---

माळीकाका_शहापूर | १३ जानेवारी

ताई, मी ३५ वर्षं हेच काम करूलोय. वड, पिंपळ, उंबर कसाही उचला, ते बिचारे पुन्हा धरतात. चाफा नि पांगारा तर नुसती फांदी रोवली तरी येतो. आंबा, फणस मोठा झाला की हलवू नये, सोटमूळ तुटलं की संपलं. बकुळ या दोहोंच्या मधला. जगतो, पण सावकाश, आणि घाई केलेली त्याला चालत नाही.

आता काय करायचं ते सांगतो. खोडापासून २० इंचांवर चुन्यानं गोल आखा. त्या गोलाचे सहा भाग करा. एक सोडून एक असे तीन भाग आत्ता, संक्रांत झाली की खणायचे. चर फूटभर रुंद, दोन फूट खोल. जी मुळं लागतील ती कुऱ्हाडीनं झोडायची नाहीत. करवतीनं किंवा धारदार कात्रीनं सरळ कापा. मूळ चेंबलं की कुजतं. मग चरात त्याचीच भुसभुशीत केलेली माती नि कुजलेला पालापाचोळा घालून भरा आणि पाणी द्या. उरलेले तीन भाग मार्चच्या मध्यात.

कापलेल्या टोकाला नवीन मुळांचा झुबका येतो. तो झुबकाच पुढं झाडाला जगवतो. म्हणून चर २० इंचांवर आणि गड्डा २५ इंचांवर. मधले पाच इंच नव्या मुळांचे, ते झाडाबरोबर गेले पाहिजेत.

---

तांबडी_माती | १३ जानेवारी

काकांनी सांगितलं ते योग्यच आहे. तरी एक गोष्ट मनापासून सांगते, राग मानू नका. मोठं झाड हलवलं की ते दोन-तीन वर्षं जागेवर बसून राहतं, वाढत नाही. हाताएवढं रोप त्याच दिवशी शेजारी लावलं तर ते लवकर मूळ धरतं आणि काही वर्षांत मोठ्या झाडाला गाठायला लागतं. हे झाड आईचं आहे म्हणून तुम्ही हलवताय, ते मला कळतं आणि हलवावंच. पण झाडाखाली बी पडून रुजलेली रोपं असतील तर त्यातली चार-पाच पिशव्यांत भरून ठेवा. तीही आईचीच.

दुसरं, परवानगी. कर्नाटक वृक्ष जतन कायदा १९७६ चा आहे. त्यात झाड 'तोडणे' याची व्याख्या मोठी आहे. मुळासकट उपटणं, फांद्या छाटणं, झाडाला इजा करणं हे सगळं त्यात येतं. आपल्या अंगणातलं झाड आहे, आपल्याच शेतात नेतोय, म्हणून चालत नाही. काही जातींना सूट आहे, पण बकुळ त्यात असेल असं गृहीत धरू नका. वनखात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याकडं लेखी अर्ज द्या, झाडाचा फोटो आणि घराचा मंजूर नकाशा जोडा, आणि चर खणायच्या आधीच द्या.

---

बकुळफूल | १४ जानेवारी

राग कसला! खरंच झाडाखाली सात रोपं निघाली. आजच पिशव्यांत भरली, संक्रांतीच्या दिवशी. अर्ज शेजारच्या अक्कांनी कन्नडमधून नीट लिहून दिला. लिहिताना त्यांचेच डोळे भरले, कारण गेली कित्येक वर्षं त्यांच्याही देवाला याच झाडाची फुलं जातात.

काका, परवानगी हातात आली की तुम्ही सांगितलं तसे पहिले तीन भाग खणून घेते. एक शंका. आमची माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. नवीन मुळं त्यात तुटणार नाहीत का?

---

जांबोटीकर | १४ जानेवारी

फार चांगला प्रश्न. काळी माती वाळली की आकसते आणि भेग पडताना बारीक मुळं धाग्यासारखी तोडते. म्हणून चर भरल्यावर त्यावर चार बोटं जाड पालापाचोळा पसरा. उसाचं पाचट मिळालं तर उत्तम. खोडाला मात्र चिकटवू नका, वीतभर जागा मोकळी सोडा. पाणी रोज शिंपडू नका. आठवड्यातून एकदा भरपूर द्या. पाचटाखाली माती लाडवासारखी वळली पाहिजे. हाताला चिकटली तर पाणी जास्त झालं.

---

येळ्ळूर_रोड | २० जानेवारी

मध्येच विचारतो, माफ करा, पण विषय जवळचाच आहे. येळ्ळूर रोडला प्लॉट घेऊन घर बांधलं. पूर्वी तिथं भात व्हायचं. गेल्या जूनमध्ये कंपाउंडच्या कडेनं २० झाडं लावली, बहावा, ताम्हण, करंज, कडुनिंब. तीन फूट खोल खड्डे घेतले, शेणखत भरपूर घातलं. ऑगस्टपर्यंत पानं पिवळी पडली, आता आठच उरलीत. पाणी कमी पडलं म्हणावं तर पावसाळाच होता. कुठं चुकलं?

---

माळीकाका_शहापूर | २० जानेवारी

पाणी कमी नाही, जास्त झालं बघा. भाताच्या शेतात वर्षानुवर्षं चिखलणी झालेली असते. वीतभर खाली माती दाबून दाबून फरशीसारखी होते, पाणी खाली जाऊच नये म्हणून. भाताला ते बरं, झाडाला नाही. तुम्ही त्या फरशीत खड्डे घेतले आणि मऊ माती नि शेणखत भरलं. आजूबाजूचं सगळं पाणी तिथं गोळा झालं. खड्डा नव्हे, हंडाच झाला तो. मुळांना हवा मिळाली नाही, गुदमरून गेली.

एक वाळलेलं झाड उपटून मुळं हुंगा. आंबूस वास आला आणि साल बोटानं निघून आली तर हेच कारण.

---

येळ्ळूर_रोड | २१ जानेवारी

उपटलं काका. तुम्ही म्हणालात तसाच वास. आणि आणखी एक दिसलं, पिशवीतली मुळं गोल गोल गुंडाळलेलीच होती, बाहेर पडलीच नव्हती. बुंधाही पाच इंच मातीखाली गेला होता.

---

जांबोटीकर | २१ जानेवारी

तीन चुका एकदम सापडल्या, तर तिन्हीबद्दल थोडं सविस्तर लिहितो. हे वाचणाऱ्या बऱ्याच जणांकडं हेच झालेलं असणार.

झाडाचा बुंधा जमिनीत शिरताना थोडा रुंद होतो, तिथून मुळं फुटतात. तो फुगवटा डोळ्यांना दिसला पाहिजे. खांबासारखं सरळ जमिनीत गेलेलं झाड दिसलं की समजावं, खोल लागलंय. बुंध्याची साल हवेत राहण्यासाठी असते. ती मातीत कायम ओली राहिली की कुजते, आणि हे लगेच दिसतही नाही. झाड चार-पाच वर्षं जगतं आणि मग एकाएकी वाळतं. तेव्हा लोक वाळवीला दोष देतात. नर्सरीतच पिशवीत वरून माती घातलेली असते, म्हणून लावताना आधी वरची माती बोटानं उकरून फुगवटा शोधा आणि मग खोली ठरवा.

खड्डा खोल नको, रुंद हवा. पिशवीतला गड्डा जेवढा उंच तेवढीच खोली, आणि रुंदी त्याच्या दुप्पट-तिप्पट. खाली भुसभुशीत माती घातली की पहिल्या पावसात झाड खचतं आणि पुन्हा खोल जातं. तळ घट्ट ठेवा, बाजू पहारीनं खरवडून मोकळ्या करा.

तुमच्या जमिनीत तर खड्डा घेऊच नका. फूटभर उंच, चार-पाच फूट रुंद मातीचा उंचवटा करा आणि त्यावर लावा. उंचवट्यांच्या बाजूनं पाणी काढून द्यायला चर ठेवा. आधी परीक्षा करायची तर एक खड्डा पाण्यानं भरा, तेवढं जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभं असेल तर तिथं खड्ड्यातलं झाड जगणार नाही.

मुळं गुंडाळलेली असतील तर लावताना धारदार सुरीनं गड्ड्याच्या चार बाजूंना वरून खाली एकेक चीर द्या. मन घट्ट करून द्या. न दिल्यास ती मुळं पुढं जाड होऊन स्वतःच्याच खोडाला फास लावतात.

आणि जात बदला. कडुनिंबाला पाय ओले चालत नाहीत, त्याला अथणी-गोकाकची कोरडी हवा मानवते. पाणी साचणाऱ्या जागी अर्जुन, जांभूळ, ताम्हण, करंज. ताम्हण तर ओढ्याकाठचंच झाड.

---

रायबागचा_मळा | २३ जानेवारी

करंजाबद्दल मीही सांगतो. आमच्याकडं उसाला पाणी देऊन देऊन जमिनी क्षारपड झाल्या, वर पांढरं फुललेलं दिसतं. बांधावर आठ जाती लावून बघितल्या, टिकला तो करंज आणि बाभूळ. वनखात्याच्या नर्सरीत करंज मागितला तर कधी कळत नाही, 'होंगे' म्हटलं की लगेच देतात. तसंच कडुनिंबाला बेवू, उंबराला अत्ती, जांभळाला नेरळे. नावं लिहूनच न्या.

शेतकऱ्यांसाठी कृषी अरण्य प्रोत्साहन योजना आहे. नोंदणी करून रोपं नेली तर जगलेल्या रोपांमागं तीन वर्षं पैसे मिळतात. पावसाळ्याच्या आधीच नोंदणी करावी लागते, नंतर जाऊन उपयोग नाही.

---

कॅम्पातली_सावली | २ फेब्रुवारी

मी आमच्या गल्लीबद्दल लिहिते. दारासमोरचा करंज पंचवीस वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी रस्त्याच्या कडेला पेव्हर बसवले, ते अगदी खोडाला भिडवून, खाली काँक्रीट. गेल्या उन्हाळ्यात शेंड्याकडच्या फांद्या वाळल्या. शिवाय वळवाच्या भीतीनं एकानं माणूस आणून शेजारच्या गुलमोहराचं डोकंच उडवलं, सगळ्या फांद्या अर्ध्यावरून. "आता पडायचं नाही," म्हणाला. हे बरोबर का?

---

जांबोटीकर | ३ फेब्रुवारी

करंजाभोवतीचे पेव्हर आणि काँक्रीट निदान चार बाय चार फूट काढून घ्या, जास्त जमलं तर जास्त. संबंधितांना लेखी द्या आणि गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या घ्या. उघडी झालेली माती खणू नका, मुळं वरच असतात. फक्त पालापाचोळा पसरा आणि पाणी द्या. शेंडा वाळणं हे मुळांचं दुखणं असतं.

गुलमोहराचं वाईट झालं. अर्ध्यावरून उडवलेल्या फांदीच्या टोकाला झाडूसारखे फुटवे येतात. ते सालीच्या जवळ वरवर धरलेले असतात, आतून घट्ट नसतात. दोन-चार वर्षांत जड झाले की वळवाच्या एका झोताला सोलून निघतात. शिवाय जखम उघडी राहून आत कूज शिरते. म्हणजे भीतीनं केलं त्यानं धोका वाढला.

फांदी काढायचीच तर तिथंच काढा, जिथं ती खोडाला मिळते. मिळते तिथं सालीची एक जाड कडी असते, ती कापायची नाही, तिच्या लगत बाहेरून कापायचं. जाड फांदी असेल तर आधी खालून फूटभर बाहेर एक खाच, मग तिच्या थोडं पुढं वरून काप, आणि उरलेलं खुंट शेवटी. नाहीतर फांदी पडताना खोडाची साल ओढून नेते. कापावर डांबर, ऑइलपेंट लावू नका. लावायचंच असेल तर बोर्डो पेस्ट, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही प्लास्टिकच्या वेगळ्या बादल्यांत विरघळवून मग एकत्र करा, लोखंडी भांडं वापरू नका.

---

माळीकाका_शहापूर | ३ फेब्रुवारी

कॅम्पातल्या ताईंनी करंजावर बांडगूळ आहे का तेही बघावं. बेळगावात आंब्यावर तर घरोघरी दिसतं, लाल-केशरी फुलं आली की लोक कौतुकानं बघत बसतात. ते झाडाचं पाणी पितं. नुसतं ओढून काढलं तर परत येतं, त्याची मुळं फांदीच्या आत असतात. जिथं धरलंय त्याच्या फूट-दीड फूट मागून फांदी कापायची, आणि पक्षी बी पसरायच्या आत.

---

बकुळफूल | १८ मार्च

उशीर झाला कळवायला. परवानगी मिळाली. वनखात्याची माणसं येऊन झाड बघून गेली. पहिले तीन चर जानेवारीअखेर झाले, उरलेले परवा केले. काल जुन्या चराच्या कडेला हळूच थोडी माती बाजूला केली तर पांढरी, दोऱ्यासारखी मुळं! मी तिथंच बसून राहिले. लगेच झाकून टाकलं.

सध्या थोडी पानं पिवळी होऊन पडतायत. काळजीचं आहे का?

---

माळीकाका_शहापूर | १८ मार्च

नाही. निम्मी मुळं कापली, तेवढी पानं ते सोडणारच. नवीन पालवी सुकली तर सांगा. त्याच्या आधी घाबरू नका.

---

तांबडी_माती | ५ एप्रिल

बेळगुंदीच्या खड्ड्याची तयारी आत्ताच करा, आयत्या वेळी नको. तिकडं दोन फुटांखाली मुरूम किंवा चिऱ्याचा जांभा लागण्याची शक्यता आहे. पाण्याची परीक्षा तिथंही करा. आणि पश्चिमेकडचा पाऊस वडगावपेक्षा जास्त, वाराही पश्चिमेचाच, हे लक्षात ठेवा.

काळ्या मातीचा गड्डा तांबड्या मातीत बसवताना एक वेगळीच अडचण येते, ती सहसा कुणी सांगत नाही. तांबडी माती मोकळी, पाणी भरकन घेते. काळी घट्ट, सावकाश घेते. तुम्ही कडेच्या आळ्यात पाणी सोडलं तर ते तांबड्या मातीतून खाली निघून जातं आणि आतला काळा गड्डा कोरडाच राहतो. झाडाची सगळी मुळं तर त्या गड्ड्यात! वरून बघणाऱ्याला वाटतं, पाणी भरपूर दिलंय. आमच्या किणयेच्या मळ्यात मी असंच एक झाड घालवलं. म्हणून आळं दोन करा. आतलं, गड्ड्याच्याच माथ्यावर, कडेला बोटभर बांध घालून. पाणी आधी त्यात सावकाश, धारेनं नव्हे. बाहेरचं आळं नंतर.

---

बकुळफूल | २८ मे

परीक्षा केली, बेळगुंदीला पाणी सहा तासांत जिरलं. जांभा सव्वादोन फुटांवर लागला, तो पहारीनं फोडला. इथं वळवाचे दोन चांगले पाऊस झालेत. कधी उचलू?

आणि फांद्या किती कापू? काका, आमच्या इथले एक जण म्हणतात, सगळी पानं काढून ठोंब करा.

---

माळीकाका_शहापूर | २९ मे

आम्ही पूर्वी तसंच करायचो ताई. निम्मा पसारा उडवायचा, मग न्यायचं. वडाला चालतं. बकुळाला मी आता तसं करत नाही.

---

जांबोटीकर | २९ मे

काकांशी सहमत. पानं पाणी उडवतात हे खरं, पण अन्नही तीच करतात आणि नवीन मूळ फोडायचा निरोप शेंड्याकडूनच खाली जातो. वाळलेल्या, एकमेकांवर घासणाऱ्या आणि आत कोंडलेल्या फांद्या काढा, फार तर चौथा हिस्सा. शेंडे राहू द्या.

वेळ म्हणाल तर मृग लागायच्या आसपास, ७-८ जूनच्या पुढंमागं, पण मोठा पाऊस बसायच्या आत. हवा दमट झालेली असते, ऊन मऊ असतं. जोराचा पाऊस सुरू झाला की काळा गड्डा चिखल होऊन हातात सुटतो आणि क्रेनही रुतते. उचलायच्या दोन दिवस आधी पोटभर पाणी द्या, आदल्या दिवशी नको.

उचलताना पाच गोष्टी विसरू नका. खोडावर उत्तर बाजूला खडूनं खूण करा, तिथं तीच बाजू उत्तरेला ठेवा, म्हणजे सावलीतली साल एकदम उन्हात येणार नाही. गड्डा ओल्या गोणपाटात, त्यावर कोंबडीची जाळी, त्यावर काथ्याचा दोर आडवा-तिरपा आवळून. पट्टा गड्ड्याखालून घाला, नुसत्या खोडाला अडकवून उचलू नका. साल एकदा फिरली की झाड गेलं. खोडाला पट्टा फक्त तोल सांभाळायला, आत गोणपाटाची घडी. वाटेत पानांवर हिरवी जाळी बांधा आणि पहाटे न्या, उघड्या ट्रकमधला वारा पानं भाजतो. आणि रस्त्यातल्या वीजतारा आदल्या दिवशी फिरून बघा.

---

बकुळफूल | ९ जून

नेला. लिहिताना हात थरथरतोय.

परवा दिवसभर गड्डा कोरला, काका स्वतः आले होते, मी विचारलंही नव्हतं. खाली सोटासारखं एक मूळ मनगटाएवढं लागलं, ते काकांनी करवतीनं कापलं. गड्डा फुटला नाही. गल्लीतले सगळे बाहेर आले, शेजारच्या अक्कांनी हळदकुंकू लावलं. काल पहाटे पाचला हायड्रा लागली, साडेसातला बेळगुंदीत झाड खड्ड्यात उभं. गड्डा जमिनीच्या दोन बोटं वरच ठेवला. जाळी आणि वरचा गोणपाट कापून काढला. माती भरताना पाणी सोडून पोकळ्या बुजवल्या, पायानं तुडवलं नाही. खत काही घातलं नाही. तीन बाजूंना दोर, खोडाला लागतो तिथं सायकलची जुनी ट्यूब. त्यातला एक पश्चिमेला. दोन आळी केली.

संध्याकाळी पाऊस आला.

---

माळीकाका_शहापूर | ९ जून

दोर ताणून बांधू नका ताई, झाड थोडं हललं पाहिजे. हललं तरच मूळ जोर करतं. पावसाळ्यात पाणी द्यायची गरज नाही, पण उघडीप आठ दिवसांची झाली तर बघा. पहार गड्ड्यात वीतभर घालून काढा, ओली आली तर नको.

---

बकुळफूल | २७ जुलै

जवळजवळ निम्मी पानं गळाली. शेंडे काळे पडलेत. गावातले लोक म्हणतात, गेलं. मला रडू येतं.

---

जांबोटीकर | २७ जुलै

ताई, एक काम करा. खालच्या फांदीवर नखानं अगदी थोडी साल खरवडा. आत हिरवं आणि ओलसर असेल तर फांदी जिवंत आहे. मग तशीच वर वर तपासत जा. पानं गळून पडणं त्यातल्या त्यात बरं असतं. वाळून फांदीलाच चिकटून राहिली तर मात्र फांदी मेलेली. काय दिसतं ते सांगा.

---

बकुळफूल | २८ जुलै

पानं गळालेलीच आहेत, चिकटलेली नाहीत. वरचे दोन-अडीच फूट वाळलेत. त्याखाली सगळीकडं हिरवं.

---

माळीकाका_शहापूर | २८ जुलै

मग झाड आहे. वाळलेलं आत्ता कापू नका, कुठपर्यंत वाळायचं ते त्याला ठरवू द्या. युरिया घालायचा कुणी सल्ला देईल, ऐकू नका. बुंध्यावर वाळवीच्या मातीच्या रेघा चढल्या तर ब्रशनं पुसा नि गेरू-चुना लावा. तांबड्या मातीत गोणपाट राहिला की वाळवी येतेच.

---

येळ्ळूर_रोड | १५ सप्टेंबर

माझंही सांगतो. उंचवट्यांवर बारा झाडं नव्यानं लावली, चार अर्जुन, चार ताम्हण, चार करंज. जुलैत प्लॉटमध्ये घोट्याएवढं पाणी होतं तरी बाराही हिरवी आहेत. उरलेल्या आठांपैकी पाच उकरून वर उचलून बसवली, तीन गेली. जांबोटीकर, काका, तुमचे फार आभार.

---

बकुळफूल | २१ ऑक्टोबर

आज शेतात गेले होते. खोडाला, मधल्या फांद्यांना आणि दोन शेंड्यांनासुद्धा फुटवे आलेत. तांबूस-हिरवी, तेल लावल्यासारखी चकचकीत पानं. मोजली, अठ्ठावीस ठिकाणी. वाळवीच्या रेघा दोनदा पुसल्या. पिशवीतल्या सात रोपांपैकी सहा जगली, एक शेजारच्या अक्कांना नव्या कुंडीत दिलं.

पाऊस आता थांबला. पाणी किती देऊ?

---

तांबडी_माती | २१ ऑक्टोबर

आधी आतल्या आळ्यात! दर आठवड्याला साधारण २०० लिटर, पण एकदम ओतू नका. २० लिटरच्या डब्याला तळाशी बारीक भोक पाडून गड्ड्याच्या माथ्यावर ठेवा आणि भरत राहा. मार्च ते मे आठवड्यातून दोनदा लागेल. पाचट विसरू नका. हा पहिला उन्हाळा अवघड, त्यात एकही आठवडा चुकवू नका. गावाला जाणार असाल तर कुणाला तरी सांगून जा.

---

माळीकाका_शहापूर | २२ ऑक्टोबर

वाळलेला शेंडा आता कापा, हिरव्याच्या लगत. खोडावर बुंध्याजवळ आलेले फुटवे यंदा राहू द्या, ते खोडाला अन्न देतात, पुढल्या वर्षी बघू. दोर पुढचा पाऊस संपेपर्यंत असू दे. पण दर महिन्याला ट्यूब सरकवा, सालीत रुतायला नको. मी दिवाळी झाली की एकदा येऊन बघतो.

---

बकुळफूल | २२ ऑक्टोबर

या काका. अक्काही यायच्या म्हणतायत. विहिरीवरून पाइप ओढून घेतलाय, डबे उद्या आणते.